एचआयव्हीत विसर वाढला, तर रक्तातून काय कळतं?

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या दहा-बारा वर्षं न चुकता चालू आहेत. रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या व्हायरल लोडच्या अहवालावर विषाणू सापडला नाही असं लिहून येतं. वजन भरलं आहे, ताप-खोकला नाही. तरी घरची माणसं सांगतात की यांचं काहीतरी बिनसलंय. ज्या तांडेलाने आयुष्यभर होडी चालवली त्याला डिझेल आणि बर्फाचा हिशेब दोन-दोनदा करावा लागतो. काजू फॅक्टरीत अख्खा गर आणि पाकळी वेगळी करणारी बाई दुपारनंतर गोंधळते. मासळीच्या लिलावात सुटे पैसे मोजताना चूक होते. मग एआरटी केंद्रात प्रश्न येतो: रक्त तपासून मेंदूचं काही कळेल का?

थोडं कळतं. मेंदूतल्या तंतूंना इजा होते आहे का, याचा अंदाज आता रक्तातून घेता येतो. ती इजा कशामुळे होते आहे, आणि त्या माणसाला रोजच्या कामात नेमकं काय जमेनासं झालंय, हे मात्र रक्त सांगत नाही. म्हणून महागड्या चाचणीच्या आधी काही स्वस्त चाचण्या कराव्या लागतात. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात, घरात भीती शिरते, आणि बरा होण्यासारखा आजार तसाच राहून जातो.

मेंदूत काय घडतं

लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू मेंदूपर्यंत पोचतो. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांची भिंत ओलांडून मेंदूत जातात, त्यांच्यातून तोही आत जातो. मज्जापेशींना, म्हणजे मेंदूत संदेश वाहणाऱ्या पेशींना, त्याची लागण सहसा होत नाही. तो मुक्काम करतो मेंदूच्या राखणदार पेशींत, म्हणजे मायक्रोग्लिया आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या मॅक्रोफेज पेशींत. या पेशी सतत उत्तेजित राहतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात, आणि शेजारच्या मज्जापेशींचे लांब तंतू त्यात झिजतात. एआरटीने विषाणूची पैदास थांबते आणि दाह पुष्कळ उतरतो, पण पूर्ण जात नाही.

उपचार सुरू होण्याआधी सीडी४, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, किती खाली गेला होता, हा जुना आकडा म्हणूनच मोलाचा असतो. तो जितका खाली गेला असेल तितकी पुढे विचारशक्तीवर परिणाम होण्याची शक्यता जास्त. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली तेव्हा बहुतेकांना सीडी४ २००च्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत. सीडी४ कितीही असो, निदान होताच उपचार, हे धोरण २०१७ मध्ये आलं. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत मुंबईहून आजारी होऊन गावी आलेल्या आणि तेव्हा गोळ्या लागलेल्या माणसाचा आजचा सीडी४ ६५० असला, तरी त्याच्या पहिल्या कार्डावरचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुनी कार्डं फेकून देऊ नका.

हा त्रास किती जणांना होतो? अमेरिकेतल्या चार्टर नावाच्या अभ्यासाने २०१० मध्ये १,५५५ जणांचे आकडे दिले. चाचण्यांत ५२ टक्के लोक कमी पडले, पण खरा डिमेन्शिया फक्त २ टक्क्यांत होता. ३३ टक्के लोकांना रोजच्या जगण्यात काहीच अडचण नव्हती, कागदावरचे गुण तेवढे कमी होते. हा मोठा गट खरंच आजारी आहे का, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला, कारण त्या निकषांनी एचआयव्ही नसलेली निरोगी माणसंही चांगल्या संख्येने 'कमी' ठरतात. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलं की नुसत्या कमी गुणांना आजार म्हणू नये, आणि एचआयव्हीने मेंदूला झालेली इजा वेगळी ओळखावी. आपल्याकडे हा मुद्दा अधिकच लागू पडतो. चौथीपर्यंत शिकलेल्या, आयुष्य शेतात आणि बंदरावर गेलेल्या बाईला कागदावरचे आकडे जोडायला लावले तर गुण कमीच येणार. त्यात विषाणूचा दोष नाही.

झिजणारे तंतू: एनएफएल

सध्या सर्वांत भरवशाचा रक्तातला खुणेचा घटक म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट चेन, लॅबच्या कागदावर एनएफएल. मज्जापेशीच्या लांब तंतूला आतून आधार देणारं हे प्रथिन आहे. बंदरात धक्क्याला घासून होडीचा दोर झिजला की त्याचे धागे पाण्यावर तरंगताना दिसतात. ते पाहून कुठला तरी दोर झिजतो आहे एवढं नक्की कळतं, पण कोणत्या होडीचा आणि कशाला घासून, ते कळत नाही. एनएफएलचं तसंच आहे. तंतू तुटला की हे प्रथिन आधी मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यात आणि तिथून अगदी किंचित प्रमाणात रक्तात उतरतं.

हे प्रमाण पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. नेहमीच्या एलायझा पद्धतीला इतकं कमी प्रमाण रक्तात पकडता येत नसे, म्हणून पूर्वी मणक्याभोवतीचं हे पाणी पाठीतून सुईने काढावं लागे. सिमोआ नावाच्या तंत्राने ही अडचण सोडवली. त्यात प्रतिपिंड लावलेले चुंबकीय मणी नमुन्यात सोडतात, मग प्रत्येक मणी स्वतंत्र सूक्ष्म खळग्यात बसवतात आणि किती खळगे चमकतात ते मोजतात. एचआयव्ही असलेल्यांत रक्तातला एनएफएल आणि पाठीच्या पाण्यातला एनएफएल एकमेकांच्या बरोबरीने वर-खाली होतात, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं आणि तिथून या चाचणीला वेग आला. उपचार न घेतलेल्या, सीडी४ खूप खाली गेलेल्या माणसात हा आकडा चढलेला असतो आणि एआरटी सुरू झाल्यावर काही महिन्यांत उतरत जातो.

आकडा किती असावा? तिशी-चाळिशीतल्या निरोगी माणसात तो मिलिलिटरमागे साधारण १० पिकोग्रॅमच्या खाली असतो, साठीनंतर १५ ते २० असणं नेहमीचं आहे. पण हे ढोबळ आकडे आहेत. यंत्र बदललं की आकडा बदलतो, म्हणून त्याच लॅबने वयानुसार दिलेली मर्यादाच धरायची. वय न पाहता 'नॉर्मल' किंवा 'हाय' छापणारा अहवाल निरुपयोगी समजा.

वयाशिवाय आणखी बऱ्याच गोष्टी आकडा हलवतात. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की एनएफएल वाढतो. शरीर स्थूल असेल तर रक्ताचं एकूण प्रमाण जास्त असल्याने तो थोडा कमी दिसतो. एआरटीतलं डोल्युटेग्राविर हे औषध सुरू झाल्यावर अनेकांचं वजन वाढतं, तेव्हा दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना दोन्ही वेळचं वजनही लिहिलेलं हवं. हातापायांच्या नसा खराब झाल्या तरी एनएफएल वाढतो, कारण हे प्रथिन त्या नसांतही असतं. आणि नसा खराब होण्याची कारणं आपल्याकडे कमी नाहीत: मधुमेह, बी१२ची कमतरता, दारू, कुष्ठरोग, टीबीसाठी घेतलेलं आयसोनियाझिड, पूर्वीच्या वर्षांतलं एआरटीचं औषध स्टॅव्ह्युडीन. पायाला मुंग्या येणाऱ्या माणसाचा वाढलेला एनएफएल मेंदूच्या खात्यावर लिहिण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा.

डोक्याचा मार विचारायला लोक विसरतात. माडावरून किंवा आंब्याच्या झाडावरून पडलेला माणूस 'काही नाही, दोन टाके पडले' म्हणून सोडून देतो. डोक्याला मार लागल्यावर एनएफएल पुढचे काही आठवडे चढत जातो आणि काही महिने चढलेला राहू शकतो. आंबे काढायच्या हंगामात पडलेल्या माणसाचं रक्त पावसाळ्यात घेतलं तर त्या आकड्यावरून एचआयव्हीबद्दल काहीच बोलता येत नाही.

बाकीच्या खुणा

जीएफएपी हे मेंदूतल्या अॅस्ट्रोसाइट या आधार-पेशींचं प्रथिन. डोक्याच्या ताज्या माराच्या तपासणीत ते उपयोगी पडतं, पहिल्या दिवसात चढतं आणि लवकर उतरतं. एचआयव्हीतले त्याचे निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत.

पी-टाऊ २१७ आणि पी-टाऊ १८१ या अल्झायमरच्या खुणा आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये पी-टाऊ २१७ आणि बीटा अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) यांच्या गुणोत्तराच्या रक्तचाचणीला परवानगी दिली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी. एचआयव्ही असलेली माणसं आता साठी-सत्तरी पाहतात, त्यामुळे हा विसर विषाणूचा की अल्झायमरचा, हा प्रश्न खराखुरा आहे आणि तिथे पी-टाऊ कामाला येतो. अमायलॉइडचा एकटा आकडा इथे फसवतो. एचआयव्हीमुळे विचारशक्ती कमी झालेल्यांच्या पाठीच्या पाण्यातही अमायलॉइड ४२ अल्झायमरसारखंच कमी झालेलं सापडलं आहे, पण पी-टाऊ मात्र वाढलेला नव्हता. दोन्ही एकत्र पाहिले तरच फरक कळतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर पी-टाऊ २१७ सुद्धा चढतो.

एससीडी१४, एससीडी१६३ आणि निओप्टेरिन या मोनोसाइट-मॅक्रोफेज पेशी किती उत्तेजित आहेत ते सांगणाऱ्या खुणा. गटाच्या अभ्यासात त्या अर्थपूर्ण ठरतात. एकट्या माणसाच्या उपचारात त्यांवरून काही ठरवता येत नाही, कारण साध्या तापानेही दाहाच्या खुणा हलतात. मज्जापेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, मायक्रोआरएनए वगैरे अजून प्रयोगशाळेतच आहे. कुठल्या पॅकेजच्या यादीत दिसलं तर त्यावर पैसे घालू नका.

आधी या चाचण्या

पहिला व्हायरल लोड. एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा होतो. कार्यक्रमाच्या भाषेत मिलिलिटरमागे विषाणूच्या १,००० प्रतींच्या खाली म्हणजे विषाणू दबलेला. मेंदूचा विचार करताना एवढं पुरत नाही. आकडा ५०च्या खाली आहे की ७०० आहे, हे पाहावं लागतं. तो थोडा-थोडा वर दिसत असेल तर गोळी कशी घेतली जाते ते विचारा. लोह किंवा कॅल्शियमची गोळी आणि डोल्युटेग्राविर उपाशीपोटी एकत्र घेतलं तर डोल्युटेग्राविर आतड्यातून नीट शोषलं जात नाही. ते त्या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं, नाहीतर सगळं जेवणाबरोबर घ्यावं. अॅसिडिटीसाठी मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचं औषध चालू असेल तर जेवणाची सवलत नाही, दोन आणि सहा तासांचाच नियम.

मग बी१२. किनाऱ्यावरची माणसं मासे खातात, त्यांना कमतरता कशी होईल, असं गृहीत धरलं जातं. बांगडा, तारली यांत बी१२ भरपूर असतं हे खरं, पण मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं आणि अॅसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेणाऱ्याचं बी१२ मासे खाऊनही घटू शकतं. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० संशयाची जागा. सीबीसीमधला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, वाढलेला असेल तर बी१२ कमी असेल असा अंदाज नेहमी केला जातो, पण एआरटीतलं झिडोव्ह्युडीन घेणाऱ्यांत एमसीव्ही त्या गोळीमुळेच वाढतो. तिथे एमसीव्हीवर विसंबू नये, थेट बी१२ मोजावं. मेटफॉर्मिनचा विषय निघालाच आहे म्हणून: डोल्युटेग्राविरबरोबर ते रक्तात जास्त साचतं, त्यामुळे दिवसाची मात्रा १,००० मिलिग्रॅमपुढे नेत नाहीत. खासगी डॉक्टरकडे साखर आणि सरकारी केंद्रात एआरटी असं वेगवेगळं चालतं तेव्हा हे दोघांच्याही नजरेतून सुटतं. दोन्हीकडच्या गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत घालून दोन्ही ठिकाणी दाखवा.

मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन वाचताना एक खाचखळगा आहे. डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅमने वाढून तिथेच थांबतं. मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट ते औषध अडवतं, गाळण्याचं काम कमी झालेलं नसतं. म्हणजे कागदावरचा ईजीएफआर (मूत्रपिंड किती वेगाने गाळतं त्याचा अंदाज) खऱ्यापेक्षा कमी दिसतो. उलट एआरटीतलंच टेनोफोविर खरोखरच मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. शंका असेल तर लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा दुसरा घटक) पाहावं. सिस्टॅटिनवर डोल्युटेग्राविरचा परिणाम होत नाही. हे आधी मिटवलं नाही तर एनएफएलचा आकडा वाचताच येणार नाही.

थायरॉइडची टीएसएच, सिफिलिसची व्हीडीआरएल किंवा आरपीआर, हिमोग्लोबिन, सोडियम, साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, लिव्हरच्या चाचण्या, हिपॅटायटिस सी. या सगळ्या तालुक्याच्या लॅबमध्येही होतात किंवा तिथून पाठवता येतात, आणि यांत सापडणाऱ्या बहुतेक गोष्टींवर उपचार आहे. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही यंत्रांवर त्या टीएसएच आणि बी१२चे आकडे चुकवतात. सीडी४ २००च्या खाली असेल तर मेंदूच्या आवरणाला दाह आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीची रक्तातली अँटिजेन चाचणी चुकवू नये.

रक्ताबाहेर दोन गोष्टी विचारायच्या: झोप आणि उदासी. एआरटीतलं एफाविरेन्झ अजून चालू असेल तर ते स्वतःच चक्कर, विचित्र स्वप्नं आणि मंदपणा आणतं. पायांच्या जळजळीसाठी रात्री दिलेली अॅमिट्रिप्टिलीन आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाची स्मृती चांगलीच ढिली करतात. उदासीमुळे आलेला विसर तर इतका हुबेहूब असतो की तिच्यावर उपचार करून पाहिल्याशिवाय मेंदूच्या इजेचं नाव घेऊ नये.

व्हॅक्स नावाचा एक निर्देशांक या साध्या चाचण्यांतूनच निघतो: वय, सीडी४, व्हायरल लोड, हिमोग्लोबिन, एसजीओटी-एसजीपीटी, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस सी. मूळचा तो जिवाचा धोका मोजायला केला होता, पण त्याचा विचारशक्तीशीही संबंध दिसला आहे. वेगळं रक्त लागत नाही, म्हणून आम्हाला तो आवडतो.

रक्त काढण्यापासून यंत्रापर्यंत

एनएफएलचं यंत्र गावात नसतं. नमुना मुंबई-पुण्याला किंवा त्याहून लांब जातो, आणि निम्मी गडबड त्या वाटेवर होते.

वेळ आधी निवडा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी घरी सापडतो, म्हणून तपासण्या या काळात ठेवायचा मोह होतो. पण हेच लावणीचे आणि लेप्टोचे दिवस. लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, कुठलाही ताप येऊन गेला असेल तर दाहाच्या खुणांसाठी निदान तीन-चार आठवडे थांबा. हाताशी वेळ असेल तर नारळी पौर्णिमेच्या आधीपेक्षा दिवाळीनंतरचा काळ बरा.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यायचं, रेघेपर्यंत पूर्ण भरून. अर्धी नळी भरली तर ईडीटीएचं प्रमाण बिघडतं. नळी आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा, हलवून फेस काढू नका. लाल झाकणाच्या नळीतल्या सीरममध्ये आकडे वेगळे येतात, त्यामुळे पहिल्यांदा जी नळी वापरली तीच पुढे दरवेळी.

शक्यतो तासाभरात सेंट्रिफ्यूज करा: १,८०० जी, १० मिनिटं, खोलीच्या तापमानाला. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर. छोट्या लॅबच्या यंत्रावर जी नसतो, फेऱ्यांचा आकडा असतो, आणि तिथे चूक होते. मध्यापासून नळीच्या तळापर्यंत अंतर १० सेंटिमीटर असेल तर मिनिटाला सुमारे ४,००० फेऱ्या लागतात, १५ सेंटिमीटर असेल तर सुमारे ३,३००. पट्टीने एकदा मोजून यंत्रावर चिकटवून ठेवावं. वरचा पिवळा प्लाझ्मा घेताना खालच्या पांढऱ्या थरापासून अर्धा सेंटिमीटर वर थांबा, लोभ करू नका. अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे भाग पॉलिप्रॉपिलीनच्या छोट्या नळ्यांत भरा, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा राहतो.

एनएफएल, जीएफएपी आणि पी-टाऊ १८१ तसे दणकट आहेत, थोड्या उशिराने बिघडत नाहीत. अमायलॉइड मात्र उशीर सहन करत नाही. सकाळी दापोलीत काढलेलं रक्त न फिरवता संध्याकाळी बसने पाठवलं, तर एनएफएलचा आकडा बहुधा ठीक येईल, अमायलॉइडचा खोटा येईल. अख्खं रक्त फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नका, लाल पेशी फुटतात आणि नमुना गेला. प्लाझ्मा उणे ८० अंशांना ठेवायचा असतो. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून आपोआप गरम होतो, त्यात नमुना वितळून पुन्हा गोठतो. हे वितळणं-गोठणं दोन-तीनदा झालं की भरवसा संपला. पावसात वीज जाते, आंबा घाटात दरड येते, कुरियर अडतं. म्हणून ड्राय आइस पुरेसा नसेल तर त्या दिवशी पाठवूच नका.

लॅबच्या फॉर्मवर एचआयव्हीचा उल्लेख करायची गरज नसते. सगळ्या नमुन्यांना सारखीच काळजी घेणं हे लॅबचं कामच आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला तो मनाई करतो. जिथे लॅबमध्ये काम करणारा मुलगा शेजारच्या वाडीतला असतो तिथे याला फार किंमत आहे. अडचण आली तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

बोटं, शब्द आणि घरचे

रक्ताबरोबर एक छोटी परीक्षा घेतलीच पाहिजे. २००५ मध्ये आलेला आंतरराष्ट्रीय एचआयव्ही डिमेन्शिया स्केल पाच मिनिटांत होतो, कागद-पेन्सिल आणि शाळा लागत नाही. आधी चार शब्द सांगून लगेच म्हणायला लावायचे. मग ज्या हाताने काम करत नाही त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पाच सेकंद जमेल तितक्या वेगाने, मोठी उघडझाप: १५ वेळा झाली तर ४ गुण, ११ ते १४ ला ३, ७ ते १० ला २, ३ ते ६ ला १. मग त्याच हाताची मूठ, पालथा पंजा, करंगळीच्या कडेवर उभा पंजा, हा क्रम दहा सेकंदांत चार वेळा झाला तर ४ गुण. शेवटी ते चार शब्द परत विचारायचे: आठवला तर १, खूण सांगितल्यावर आठवला तर अर्धा. एकूण १२. दहा किंवा कमी आले तर पुढची तपासणी.

काजूच्या तेलाने बोटं भाजलेली बाई आणि दोरखंडाने सांधे आखडलेला खलाशी बोटांच्या आणि पंजाच्या भागांत हमखास मागे पडतात. अशा वेळी बोटांचे गुण वेगळे लिहा आणि शब्दांचा भाग वेगळा वाचा. सर्वांत जास्त माहिती घरच्यांकडून मिळते, पण 'विसरतात का?' असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. पूर्वी एकट्याने करत असलेलं कोणतं काम आता दुसऱ्याला द्यावं लागतं, ते विचारा. जाळं शिवणं, बँकेतला फॉर्म, गणपतीचा बाजार, स्वतःच्या गोळ्या. उत्तर 'सगळं करतात, पण सावकाश' असेल तर चित्र वेगळं. 'गोळ्या आता सून काढून देते' असेल तर वेगळं.

एकच आकडा, दोन माणसं

समजा, दोघंही ५८ वर्षांचे, दोघांचाही एनएफएल २६, त्या लॅबची त्या वयाची मर्यादा २०.

पहिल्याचा एचबीए१सी ९.२ आहे, पायांना बधिरपणा, बी१२ १८०, सिस्टॅटिनवरून काढलेला ईजीएफआर ५२. त्याच्या २६ चं कारण मेंदूबाहेरच सापडतं. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणा, बी१२ द्या, उदासी तपासा. सहा महिने ते वर्षाने त्याच लॅबमध्ये, त्याच नळीत पुन्हा मोजा. आठवड्याने परत तपासण्यात अर्थ नाही, कारण एनएफएल इतक्या लवकर उतरत नाही.

दुसऱ्याची साखर, मूत्रपिंड, बी१२ सगळं ठीक. वर्षापूर्वी त्याचा आकडा १४ होता. दोन महिन्यांत चाल डगमगू लागली, हात कापतो, बोलणं मंद झालंय. रक्तातला व्हायरल लोड ५०च्या खाली, आणि तो दुसऱ्या फळीच्या (पहिली औषधं निकामी ठरल्यावर देतात त्या) औषधांवर आहे, रिटोनावीरसोबत अटाझानावीर. इथे रक्तातला स्वच्छ व्हायरल लोड पाहून निर्धास्त होणं धोक्याचं आहे. रक्तात विषाणू दबलेला असताना मेंदूभोवतीच्या पाण्यात तो वाढत असू शकतो. पुण्यासह पश्चिम भारतातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्यांत याच औषधांवरचे रुग्ण ठळकपणे दिसतात. विषाणूची औषधविरोधी क्षमता तपासून मेंदूत चांगली पोचणारी औषधं दिली की यांतले बरेच जण सुधारतात. म्हणून याला रक्ताच्या आणखी चाचण्या सुचवत बसू नये, एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावं. आणि ताप, जोराची डोकेदुखी, झटका, एका बाजूची ताकद जाणं किंवा एका दिवसात आलेला गोंधळ असेल तर कुठल्याही खुणेची वाट न पाहता त्याच दिवशी.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात, 'कमरेतून अधू होईल' ही भीती जुनी आहे. सुई मणक्याच्या अशा जागी जाते जिथे मज्जारज्जू संपलेला असतो. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, तेव्हा आडवं झालं की बरं वाटतं. पाण्यात पेशी, प्रथिन, साखर, टीबी, क्रिप्टोकॉकस, सिफिलिस आणि एचआयव्हीचा व्हायरल लोड एवढं एकाच वेळी मागून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा सुई लागणार नाही. पाण्याच्या व्हायरल लोडबरोबर रक्ताचाही व्हायरल लोड त्याच दिवशी पाठवायचा. मागच्या वर्षीचा रक्ताचा आकडा शेजारी ठेवून ही तुलना होत नाही.